डिस्नेलँडांत दोन नातवंडें

चिरंजीवांच्या नोकरीच्या निमित्तानें आमच्या कुटुंबाची एक शाखा कॅलिफोर्नियांत जाऊन रुजली आहे. गेल्या उन्हाळ्यांत सौ. व मी तिकडे चार महिने राहून आलों. तेथील समुद्रकांठ, मोठमोठे पूल आणि गगनचुंबी वृक्षांचीं अरण्यें यांविषयीं लिहिणारे लेखक पुष्कळ आहेत. त्यांत भर घालण्याचा माझा विचार नाहीं. साडेचार वर्षांची नात आणि पावणेदोन वर्षांचा नातू यांच्यासह अनाहाइम गांवचें डिस्नेलँड पाहण्याचा योग आला, त्याविषयीं मी लिहिणार आहें. आणि तेंही मुख्यत्वेंकरून तेथें माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयीं.

हें स्थळ निर्माण कसें झालें तें आधीं सांगितलें पाहिजे, कारण त्याचें मूळ आमच्या विषयांतच आहे. वॉल्ट डिस्ने हे बोलक्या व्यंगचित्रपटांनीं जगभर नांव मिळविलेले गृहस्थ आपल्या दोन लहान मुलींना शनिवारीं फिरावयास नेत. लॉस एंजिल्स शहरांतील ग्रिफिथ पार्कमध्यें मुली लांकडी घोड्यांच्या चक्रावर बसत आणि वडील बांकावर बसून शेंगदाणे खात. मुलांनीं तेवढें खेळावें आणि वडीलमाणसांनीं ताटकळावें असें कां? दोघांनाही एकत्र रमतां येईल असें एखादें ठिकाण कां नसावें? हा विचार त्या बांकावर आपल्या मनांत आला, असें ते पुढें सांगत. डेन्मार्कच्या राजधानींत टिव्होली नांवाचें उद्यान १८४३ पासून आहे, तेंही त्यांनीं १९५१ सालीं पाहिलें. मग १६० एकरांच्या संत्र्यांच्या बागा विकत घेऊन, सुमारें एका वर्षांत सर्व उभारून, १७ जुलै १९५५ रोजीं डिस्नेलँडचें दार उघडलें. त्या वेळीं नळकाम करणारांचा संप चालूं होता. वेळ थोडा, पिण्याच्या पाण्याचे नळ पुरे करावे कीं शौचकूपें, असा प्रश्न पडला. डिस्ने यांनीं शौचकूपें आधीं करविलीं. लोकांनीं नळांविषयीं कुरकुर केली म्हणतात. परंतु ज्यानें लहान मूल घेऊन प्रवास केला आहे, तो या निर्णयास दोष देणार नाहीं.

रचनेंत बालदृष्टि पुष्कळ ठिकाणीं दिसते. प्रवेशानंतरच्या मुख्य रस्त्यावरील दुकानांचे वरचे मजले खालच्यांहून लहान मापाचे बांधले आहेत. त्यामुळें इमारती उंच भासतात, तरी अंगावर येत नाहींत. समोरचा राजवाडा अवघा ७७ फूट उंच. पण वर जातांना त्याचे चिरे लहान लहान होत गेल्यामुळें तो आभाळांत शिरल्यासारखा वाटतो. सभोंवतीं मातीचा बांध घालून त्यावरून वाफेची आगगाडी फिरविली आहे. माथेरानच्या गाडीचे रूळ दोन फुटी. हिचे तीन फुटी. बांधामुळें बाहेरचा गांव आंतून दिसत नाहीं.

आतां आमच्याकडे वळतों. तिकिटाचा दर दररोज माणशीं शंभर डॉलरांहून अधिक; तीन ते नऊ वर्षांच्या मुलांस किंचित् कमी; तीन वर्षांखालीं माफी. आम्हीं दोन दिवसांचीं तिकिटें काढलीं होतीं. इतका पैसा मोजल्यावर माणसाच्या अंगीं वसुलीची वृत्ति संचरते. जन्मभर पगाराच्या पावतीवर सही करून पै-पैचा हिशेब ठेवलेल्या मास्तरच्या अंगीं ती अधिकच. चिरंजीवांनीं फोनवर सगळा कार्यक्रम आंखला होता. मीं तो वहींत उतरून घेतला. सकाळीं आठला आंत शिरावयाचें आणि रात्रींचें दारूकाम पाहूनच बाहेर पडावयाचें. सहा तासांचा मोटारीचा प्रवास आदल्या दिवशींच झाला होता, मुलें पुरती झोंपलीं नव्हतीं, ही गोष्ट त्या वहींत कोठेंच नव्हती.

कांहीं गाड्यांच्या रांगेपाशीं उंची मोजण्याची खूण असते. एकीला ४६ इंच लागतात. मॅटरहॉर्न नांवाच्या कृत्रिम हिमशिखरावरून घसरणाऱ्या गाडीला ४२. आणखी कांहींना ४०. लहानांसाठींच केलेल्या एका घसरगाडीला ३५. खुणेपेक्षां एक बोट जरी कमी भरलें तरी आंत सोडीत नाहींत, आणि हें योग्यच आहे. आमची नात, जिला घरांत सर्व जण ताई म्हणतात, ती ४१ इंच भरली. मला फार आनंद झाला. चाळिसांची परीक्षा मुलगी एका गुणानें उत्तीर्ण झाली, असेंच मला वाटलें.

अशा एका गाडीच्या रांगेंत आम्ही जवळ जवळ तासभर उभे होतों. कोणती गाडी तें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. दोष गाडीचा नव्हता. दाराजवळ येतांच ताईनें आंत पाहिलें आणि म्हणाली, “आजोबा, मला नको. आंत काळोख आहे.”

मीं म्हटलें, “अगं, काळोखाला काय भ्यायचें? आणि आजोबा आहेत ना शेजारीं?”

ती पुन्हां हळूच म्हणाली, “नको ना.”

“तासभर उभे राहिलों ते काय परत जाण्यासाठीं? शहाण्या मुली असें करीत नाहींत.”

यावर ती कांहीं बोलली नाहीं. तिनें माझें बोट धरलें आणि गाडींत येऊन बसली. पुढच्या दोन-तीन मिनिटांत काय झालें तें मला नीटसें सांगतां येणार नाहीं, कारण मीही डोळे मिटून घेतले होते. ती मात्र रडली नाहीं, ओरडली नाहीं. गाडी थांबली तेव्हां तिचा परकर ओला झाला होता. बाहेर सूनबाई बाळाला घेऊन उभ्या होत्या. ताई सरळ त्यांच्याकडे गेली आणि त्यांच्या मांडीला मिठी मारून उभी राहिली. मीं बोट पुढें केलें. तिनें तें घेतलें नाहीं. त्या दिवशीं रस्ता ओलांडतांना, जेवतांना, जिना उतरतांना तिनें माझा हात एकदांही धरला नाहीं.

तिकडे बाळाची निराळीच तऱ्हा. मोठ्या मस्तकाचा मिकी उंदीर मुलांना भेटावयास येतो, त्याला पाहून त्यानें आजीच्या पदरांत जें तोंड लपविलें तें अर्धा तास बाहेर काढलें नाहीं. बिचारा मिकी कांहीं बोलतही नाहीं. वेषधारी मंडळींनीं बोलावयाचें नाहीं असाच तेथें रिवाज दिसला. चित्रांतला वीतभर उंदीर एकाएकीं पुरुषभर उंच होऊन चालत आला, तर पावणेदोन वर्षांच्या जीवानें काय समजावें? आजूबाजूचीं वडीलमाणसें मात्र आपलीं रडणारीं मुलें त्याच्या कुशींत कोंबून छायाचित्रें काढीत होतीं. आम्हीही एक काढलें. तें आतां चिरंजीवांच्या फोनमध्यें आहे. त्यांत मिकीशिवाय कोणीही हंसत नाहीं. दारूकामापर्यंत थांबण्याची कोणांतच शक्ति उरली नव्हती.

रात्रीं उताऱ्यावर ताई दोनदां दचकून उठली. दुसऱ्यांदा तिला थोपटून निजविल्यावर सौ. म्हणाल्या, “अहो, ती गाडींत बसली ती गाडी आवडली म्हणून नव्हे. आजोबा म्हणाले म्हणून बसली.” एवढेंच बोलून त्या कुशीवर वळल्या. चाळीस वर्षांच्या संसारांत त्यांनीं मला याहून कठोर शब्द क्वचित् ऐकविला असेल.

मला झोंप आली नाहीं. मीं असें कां केलें, याचा शोध करतां करतां वाईचा घाट आठवला. मी सहा वर्षांचा असतां काकांनीं माझ्या कमरेला सुके भोपळे बांधले आणि मी नको नको म्हणत असतांना मला कृष्णेंत ढकलून दिलें. मी पोहावयास शिकलों. ‘भीति अशीच मोडावी लागते’ हें काकांचें वाक्य मीं पुढें वर्गांत कितीएकदां उच्चारलें असेल. पण त्या रात्रीं त्याच आठवणीचा दुसरा भाग साठ वर्षांनीं वर आला. त्या दिवसानंतर काकांबरोबर घाटावर जाण्याची वेळ आली कीं मी आजीच्या मागें दडून बसत असें. काका मोठे प्रेमळ होते. आमच्यासाठीं ते बाजारांतून रेवड्या आणीत. त्या मी घेत असें. हात मात्र धरीत नसें.

येथें डिस्नेलँडच्याच इतिहासांतील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हिमगौरी व सात बुटके यांच्या कथेची एक फेरी तेथें पहिल्या वर्षापासून आहे. आरंभीं तींत हिमगौरी दिसतच नसे. फेरींत बसलेला प्रेक्षक हाच हिमगौरी, अशी योजकांची कल्पना. कल्पना काव्यमय खरी. पण प्रेक्षकांना ती उमगेना, आणि लहान मुलांना तर अंधारांतून वारंवार अंगावर येणारी चेटकीण तेवढी लक्षांत राही. १९८३ सालीं फेरीची पुनर्रचना झाली तेव्हां ती भीतिदायक आहे असें तिच्या नांवांतच घातलें, म्हणजे आईबापांनीं सावध व्हावें. शेवटीं २०२१ सालीं ती पुन्हां बदलून सौम्य केली, नांवांतला भीतीचा शब्द काढला आणि गोष्टीचा सुखान्त नीट दाखविला. १९५५ पासून २०२१ पर्यंत म्हणजे सहासष्ट वर्षें! मुलांना रमविणें हाच ज्यांचा धंदा, त्यांनाही भीतीचें माप इतक्या कालानें साधलें. चार-पांच वर्षांचें मूल खोटें भूत आणि खरें भूत यांत आपल्यासारखा भेद करीत नाहीं. ‘तें खरें नाहीं गं’ हें आपलें सांगणें त्याला ऐकूं येतें. पण डोळे जें पाहतात त्यावर तें मात करूं शकत नाहीं.

मध्यें एक दिवस आम्हीं विश्रांति घेतली. तिसऱ्या दिवशीं पुन्हां निघालों तेव्हां मीं वही बरोबर घेतली नाहीं. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, आज मुलें नेतील तिकडे जाऊं या.” चिरंजीवांच्या चेहऱ्यावर थोडी नाराजी दिसली, पण ते गप्प राहिले.

मुलांनीं आम्हांला कोठें नेलें म्हणाल, तर प्रथम आगगाडींत. संपूर्ण प्रदक्षिणा झाली, बाळ उतरेना, म्हणून दुसरी झाली, मग तिसरी. नंतर राजवाड्यामागील घोड्यांच्या चक्राकडे. तेथील सगळे घोडे पांढरेशुभ्र आहेत. ताईनें एक घोडा निवडला आणि उतरल्यावर पुन्हां रांगेंत उभी राहून तोच घोडा मिळेल का म्हणून विचारलें. असें पांच वेळां झालें. माझ्या तोंडावर ‘आतां दुसरें कांहीं पाहूं या’ हे शब्द आले होते. पण मादाम मॉन्टेसोरी यांची एक हकीकत आठवली. १९०७ सालीं त्यांनीं रोममध्यें पहिलें बालगृह उघडलें. तिथल्या सुमारें तीन वर्षांच्या एका मुलीला लांकडी गट्ट्या भोंकांत बसविण्याचा नाद लागला. भोंवतीं मुलें गात-नाचत होतीं, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलें, तरी तिचें चित्त ढळलें नाहीं. चाळिसांहून अधिक वेळां तोच उद्योग केल्यावर ती आपण होऊन थांबली आणि झोंपेंतून ताजीतवानी होऊन उठावी तशी इकडे तिकडे पाहूं लागली. मीं ही हकीकत शिक्षकांच्या संमेलनांत दोनदां सांगितली आहे. स्वतःच्या नातीपाशीं उभा असतां ती चार घोड्यांनंतर आठवावी, हें माझें पांडित्य!

बाळाची गोष्ट तर त्याहून मौजेची. मृच्छकटिकांतील रोहसेन मातीची गाडी नको, सोन्याची हवी म्हणून रडतो. आमच्या बाळासमोर उडणारे हत्ती होते, राजवाडा होता, सोनेरी रथ होते. आणि तो त्या सर्वांकडे पाठ करून पाण्याकांठच्या बदकांकडे पाहत बसला. बदकें खरींखुरीं, कोणी न बोलावतां आलेलीं. तीं पाण्यांतून बाहेर येत, अंग झाडीत, पुन्हां पाण्यांत जात. कोट्यवधींची कारागिरी एका बाजूस आणि शेपटी हालविणारें एक बदक दुसऱ्या बाजूस! चिरंजीव म्हणाले, “बाबा, बदकें तर घराजवळच्या तळ्यांतही आहेत.” खरें होतें. पण बाळाला मोफत प्रवेश होता. त्याच्याकडून वसुली कसली करावयाची?

बारा वाजतां आम्ही बाहेर पडून उताऱ्यावर गेलों. मुलें दोन तास निजलीं, आम्हीही निजलों, आणि ऊन उतरल्यावर परत आलों. एका दिवसाच्या तिकिटावर असें बाहेर जाऊन परत येतां येतें. पहिल्या दिवशीं हें आमच्यापैकीं कोणाच्याही मनांत आलें नव्हतें.

संध्याकाळीं बाहुल्यांच्या नौकाविहाराकडे गेलों. न्यूयॉर्कच्या १९६४ सालच्या जागतिक प्रदर्शनासाठीं तो प्रथम रचला गेला आणि १९६६ सालीं येथें आणून बसविला. नौकेंत बसून संथ कालव्यानें जावयाचें, आणि दोहों बाजूंस निरनिराळ्या देशांच्या वेषांतील तीनशेंहून अधिक बाहुल्या गात-डोलत असतात. नौका एका कमानींतून आंत शिरते. ती कमान पाहतांच ताई थांबली. माझ्याकडे न पाहतां तिनें आईला विचारलें, “आंत काळोख आहे?”

मीं म्हटलें, “मला ठाऊक नाहीं. मी आधीं जाऊन पाहून येतों, मग सांगतों.”

तिला हें नवीन होतें. मी एकटाच गेलों. पाऊण-एक तासानें परत आलों तेव्हां ती कठड्यापाशीं उभी राहून वाट पाहत होती, आणि तिनें माझी जी उलटतपासणी घेतली तशी मीं उभ्या आयुष्यांत कोणा विद्यार्थ्याची घेतली नसेल. काळोख किती? गॅरेजएवढा कीं कपाटाएवढा? गाडी धांवते का? कोणी अंगावर येतें का? मीं जें पाहिलें तें सांगितलें: आरंभीं थोडा अंधार, गॅरेजचें दार अर्धें उघडें असतांना असतो तेवढा, पुढें पुष्कळ दिवे, नौका आजीच्या चालीनें जाते, गाणें एकच आहे आणि तें संपतां संपत नाहीं. तिनें विचार केला. मग म्हणाली, “मी आजीजवळ बसणार. तुम्ही पुढें बसा.” आम्ही तसे बसलों. साडी नेसलेली बाहुली दिसतांच तिनें मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “आजोबा, ती पाहा आजी!”

ज्यांच्या घरीं असा बेत ठरत असेल त्यांच्यासाठीं, विशेषतः ज्यांच्यावर सर्व भार पडतो त्या सुना-लेकींसाठीं, चार व्यवहाराच्या गोष्टी. घरचें अन्न आंत नेतां येतें. कांचेच्या बाटल्या व मद्य तेवढें चालत नाहीं. सौ.नीं धपाटे आणि दहीभात नेला होता, आणि मुलांनीं दुसरें कांहीं मागितलें नाहीं. बाबागाडी ३१ इंच रुंद व ५२ इंच लांब याहून मोठी चालत नाहीं. मुख्य रस्त्याच्या टोकाशीं शिशुसंगोपनाची खोली आहे. तेथें अंगावर पाजण्यास आडोसा आहे, दुपटीं बदलण्याची सोय आहे, आणि चुकलेलीं मुलें तेथेंच आणून बसवितात. मुलाच्या कपड्याच्या आंत आपला फोनचा आंकडा लिहून ठेवावा. मोठ्या गाड्यांसाठीं आणखी एक सोय आहे: एकानें मूल सांभाळावें, दुसऱ्यानें जाऊन यावें, आणि मग पहिल्यास संपूर्ण रांग पुन्हां न लावतां जातां यावें. सूनबाई पहिल्या दिवशीं एकाही गाडींत बसल्या नव्हत्या, हें मला तिसऱ्या दिवशीं कळलें. सौ.नीं दोन्ही मुलें ओढून घेतलीं आणि चिरंजीव व सूनबाई यांना हिमशिखराकडे पिटाळलें. घरांत चार हात अधिक असल्याचा उपयोग असा होतो. पण ते हात कोणी पुढें केले तर.

इतक्या दूर जाण्याचेंही कारण नाहीं. आपल्याकडे गोराईचें एस्सेलवर्ल्ड १९८९ सालीं सुरू झालें. तें २०२२ सालीं बंद झालें. खोपोलीजवळचें इमॅजिका २०१३ पासून आहे. तेथेंही उंचीच्या खुणा आहेत, अंधाऱ्या फेऱ्या आहेत आणि रांगेंत ताटकळलेले आजोबा तर असणारच.

परततांना दिवे लागले होते. ती पहिल्या दिवशींची गाडी वाटेंतच लागते. मीं पावलें उचललीं. पण ताई थांबली. उंचीच्या खुणेपाशीं एक मुलगा टाचा उंच करून उभा होता, त्याच्याकडे ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “आजोबा, बाळ मोठा झाला कीं तोही इथें मावेल?”

“मावेल.”

“मग त्याला आधीं विचारायचें हं.”

“विचारूं,” मीं म्हटलें.

तिनें माझें बोट धरलें. दारूकाम आम्हीं तिसऱ्या दिवशींही पाहिलें नाहीं. रस्त्यानें चालत उताऱ्याकडे निघालों तेव्हां पाठीमागें आवाज मात्र ऐकूं येत होते. बाळ गाडींत केव्हांच झोंपला होता. त्याच्या मुठींत बदकाचें एक ओलसर पीस होतें. तें काढून टाकावें म्हणून मीं हात पुढें केला, पण सौ.नीं मान हालविली, आणि मीं तो मागें घेतला.